किल्ली परत कधी द्यायची?

गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या काकांना मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. तीन महिन्यांत हातपाय बऱ्यापैकी सुटले, बोलणं तर पहिल्यापासून स्वच्छच होतं. पण जेवताना ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. "अहो, ही नको का तुम्हाला?" असं काकूने विचारलं की ते चकित होऊन ताटाकडे बघायचे. त्याच आठवड्यात त्यांनी स्कूटरची किल्ली मागितली.

डोळे ठणठणीत असूनही डाव्या बाजूकडे लक्षच न जाणं, हा उजव्या मेंदूच्या झटक्याचा ओळखीचा परिणाम आहे. आपल्याकडे चालणारी माणसं, सायकली, थांबलेली बस हे सगळं डाव्या कडेलाच असतं. (पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण शेजारच्या हिंदुस्थानामुळे गोव्यात डावीच राहिली.)

काकांचं लायसन आणखी तीन वर्षं चालणारं होतं. ते दाखवल्यावर रस्त्यात त्यांना कोणी अडवलं नसतं. याचं मूळ कायदा कसा घडला त्यात आहे. १९८८चा मोटार वाहन कायदा आणि १९८९चे केंद्रीय नियम माणसाची तपासणी करतात ती मुख्यतः लायसन देताना आणि नूतनीकरणाच्या वेळी. अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये विचारतात: फेफरं येतं का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हात किंवा पाय गमावलाय का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का. प्रश्न अवयवांचे आहेत. लक्ष, निर्णय, वेग यांबद्दल थेट विचारणा नाही. कलम १६ खाली आजारामुळे लायसन रद्द करता येतं किंवा नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येतं, पण त्यासाठी आधी परिवहन खात्याला कळायला हवं. झटका आला हे डॉक्टरांनी कळवावं अशी सक्ती नाही. ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर किमान एक महिना गाडी चालवायची नाही, असा साधा नियम आहे. आपल्याकडे तेवढाही नाही, याचं मला वाईट वाटतं.

आजारानंतर ड्रायव्हिंग पुन्हा शिकवायचं शास्त्र वाढलं त्यात युद्धात जखमी झालेल्यांचा वाटा मोठा. अमेरिकेने १९४६ साली दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना मोटारीसाठी १६०० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली, आणि हाताने चालवायचे ब्रेक-अॅक्सिलरेटर रुळू लागले. आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडायची जी चाचणी आज पक्षाघातानंतर घेतात, तीही १९४४च्या अमेरिकी लष्करी चाचणीसंचातली. पुढे नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी खास पक्षाघातानंतरच्या चालकांसाठी चाचणी तयार केली. कागदावरची परीक्षा आणि मग प्रशिक्षकाबरोबर खऱ्या रस्त्यावरची फेरी, अशी दुहेरी पद्धत रुळली, कारण कागदावर पास होणारा माणूस चौकात गोंधळू शकतो, आणि उलटही घडतं.

भारतात हे काम ज्यांचं, त्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं (आजारानंतर रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्यांचं) शिक्षण कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. जेवणं, कपडे, लिहिणं यांत या मंडळींनी हजारो माणसांना पुन्हा उभं केलं. गाडीचा प्रश्न मात्र बहुतेक घरांतच सुटतो, म्हणजे किल्ली लपवली जाते. आणि गोव्यात किल्ली गेली की माणूस घरातच अडकतो: संध्याकाळनंतर गावाकडे बस मिळणं कठीण, पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) प्रत्येक वाड्यावर नाही, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार लांब राहतो.

काकांची किल्ली काकूने तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मग ओळखीच्या थेरपिस्टबाईंनी त्यांना डावीकडे मान वळवायची सवय लावायला घेतली. आता ते रोज देवळापर्यंत चालत जातात आणि वाटेत डाव्या हाताची घरं मोठ्याने मोजतात. एकूण तेवीस आहेत. पहिल्या दिवशी सहाच मोजली होती, परवा एकोणीस मिळाली. किल्ली अजून डब्यातच आहे.