झिजलेले बायझंटाइन नाणे ओळखताना

युरोपातल्या लिलावातून मिश्र लॉट घेतला की त्यात तांब्याची, वाटीसारखी खोलगट अशी दोन-चार नाणी निघतातच. ती घेऊन येणारे ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "राजा कोणता?" आमची विनंती आहे, हा प्रश्न शेवटासाठी ठेवा.

आधी आकार पाहा. बायझंटाइन (पूर्व रोमन) सत्तेने १२०४ मध्ये क्रुसेडरांकडे गेलेली आपली राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) १२६१ मध्ये परत मिळवली, तेव्हा खोलगट नाणी जोरात चालू होती. चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर ती बंद पडली. १३६७ च्या सुमारास आलेले स्टाव्राटोन हे चांदीचे नाणे सपाट आहे, सुरुवातीला वजनाने सुमारे साडेआठ ग्रॅम. म्हणजे नाणे खोलगट असेल, तर शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन (१४४९–५३) तिथेच बाद होतो.

मग झीज. वाटी टेबलावर ठेवली की फुगीर बाजूचा मध्यच घासला जातो, आणि ख्रिस्त किंवा मेरी असते ती याच बाजूला. आतली, सम्राटाची बाजू त्या मानाने वाचते. पण पुसट दिसणारे सगळेच झिजलेले नसते. ही नाणी थोडी कलती करून दोनदा ठोकत, त्यामुळे अर्धा चेहरा दुहेरी उठतो किंवा मुळात उठतच नाही. शिवराई हाताळलेल्यांना यात नवल वाटणार नाही: ठसा मोठा, चकती लहान, आणि अर्धी अक्षरे कडेबाहेर.

नाव वाचता आले तरी घाई नको. सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस ११८० मध्ये वारला, पण १२०४ मध्ये राजधानी गेल्यानंतरही त्याच्या नाण्यांच्या छोट्या आकाराच्या नकला पाडल्या जात होत्या. म्हणून आम्ही आधी सम्राटाच्या हातात काय आहे ते पाहतो: क्रूस, निशाण की राजसत्तेचे चिन्ह असलेला गोळा. शेजारी संत आहे का, पोशाख कसा आहे, हेही बघतो. मेरीभोवती तटबंदी असलेले सोन्याचे हायपरपायरॉन मात्र मधला भाग शाबूत असेल तर लगेच कळते. सम्राट आठव्या मायकेलने ते राजधानी परत मिळाल्यावर सुरू केले.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी आणलेल्या नाण्याच्या पाकिटावर "अकरावा कॉन्स्टंटाइन" लिहिले होते. नाणे खोलगट, तांब्याचे, जवळजवळ गुळगुळीत. खिडकीच्या तिरप्या उजेडात सावकाश फिरवल्यावर खांद्याच्या वर पिसांच्या चार रेघा दिसल्या. पंख दिसला की आम्ही आधी थेसालोनिकीचा (आजच्या उत्तर ग्रीसमधल्या शहराचा) विचार करतो, त्या टांकसाळीला हे चिन्ह फार प्रिय होते. आम्ही चिठ्ठीवर लिहिले, "बहुधा थेसालोनिकी, तेरावे-चौदावे शतक, सम्राट अनिश्चित." ताई थोड्या हिरमुसल्या. तरीही नाणे जेवढे सांगते तेवढेच आम्ही लिहितो, आणि "अनिश्चित" लिहिण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

कृपया नाणे चिंच, लिंबू किंवा भांडी उजळायच्या पावडरीने घासू नका. उरलेल्या रेषा नाण्यावरच्या जुन्या थरातच असतात, तो गेला की पंखही गेला.

आमच्याकडे पाठवताना वजन दोन दशांशांपर्यंत, रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दोन्ही बाजूंचे फोटो द्या. उजेड एकाच बाजूने, कमी उंचीवरून तिरपा पडू द्या, फ्लॅश नको. जुने पाकीट किंवा चिठ्ठी चुकीची वाटली तरी सोबत ठेवा. नाणे कुठल्या लॉटमधून आले, हे कधी कधी तिच्यावरूनच कळते.