जोर म्हणजे ओरडणं नव्हे

भाची इंदूरमधल्या भंवरकुआँच्या एका कोचिंगमधे इंग्लिश बोलायला शिकते. परवा घरी येऊन 'फोटोग्राफी' म्हणताना मधल्या 'टॉ'वर अशी किंचाळली की शेजारचे काका गॅलरीत आले. म्हणे, मामा, सरांनी सांगितलंय स्ट्रेस म्हणजे जोरात बोलायचं.

आधी शब्दाचे तुकडे पाडू, म्हणजे सिलॅबल. सिलॅबल म्हणजे आपलं लिहायचं अक्षर नाही. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना क-मळ, दोनच, कारण शेवटचा अ आपण गिळतो. जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. इथे इंदूरला हिंदीवाले स्कूलचं इस्कूल करतात, एकाचे दोन होतात, आणि आमची आजी स्टेशनचं टेशन करायची, तिथे दोनाचे दोनच राहतात, फक्त दारातली गर्दी कमी.

आता जोर. १९५५ मधे डेनिस फ्राय या इंग्लिश ध्वनिशास्त्रज्ञानी ऑब्जेक्ट, परमिट असे शब्द घेतले, पहिल्या सिलॅबलवर जोर दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. मशीनवर बनवलेल्या आवाजात स्वरांची लांबी आणि आवाजाचा मोठेपणा कमीजास्त करून लोकांना ऐकवलं, तर आवाज वाढवण्यापेक्षा स्वर ताणल्यानी लोकांचं मत जास्त फिरत होतं. पुढे १९५८ मधे त्यांनी सुराचा चढउतार पण तपासला, तोही भारी निघाला.

पण मला खरी मजा वाटते ती जोर न मिळालेल्या बिचाऱ्यांची. ते इतके चेपले जातात की त्यांचा स्वर जवळपास आपला अ होऊन बसतो, याला श्वा म्हणतात. फोटोग्राफचं फो-ट-ग्राफ, फोटोग्राफीचं फ-टॉ-ग्र-फी, फोटोग्राफिकचं फो-ट-ग्रॅ-फिक, म्हणजे स्पेलिंगमधला तोच ओ कधी ओ, कधी ऑ, कधी नुसता अ! शेपूट बदललं की जोर सरकतो, -इक असेल तर बहुतेक त्याच्या लगेच आधी (पॉलिटिक्स मात्र ऐकत नाही, तो पहिल्यावरच), -ग्राफी, -लॉजी, -इटी असेल तर शेवटून तिसऱ्यावर. मराठीत जोर हलवून अर्थ बदलत नाही, म्हणून आपण चारही स्वर इमानदारीनी पूर्ण म्हणतो, फो-टो-ग्रा-फी.

कोचिंगच्या बोर्डावर ३० दिवसांत अमेरिकन अ‍ॅक्सेंटची गॅरंटी पण आहे. टेक्सस आणि बॉस्टनवाल्यांचा तरी एक आहे का? आजी वाचा सुधारावी म्हणून वेखंड चाटवायची, ही गॅरंटी त्याच माळेतली, फक्त फी जास्त.

भाचीला म्हटलं, 'टॉ' थोडा ताण, 'फ' आणि 'ग्र' चेप, बास. तिनी तसं म्हटलं. काका आत गेले.