कला-उपग्रह

कला-उपग्रह : जमिनीवरच्या कुणालाही रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसावा, मुख्यतः एवढ्याच हेतूने कक्षेत सोडलेला कृत्रिम उपग्रह. तो स्वतः दिवा लावत नाही. खाली रात्र झालेली असली तरी काहीशे किलोमीटर वर अजून ऊन असते, ते ऊन तो खाली परतवतो. त्यामुळे त्याच्या रचनेत दोनच गोष्टींना खरे महत्त्व असते : परावर्तकाचा आकार आणि कक्षेची उंची. या प्रकारात यश फार थोड्यांना आले आहे, आणि सर्वांत देखणा ठरलेला उपग्रह, एको-१, तर कला म्हणून बनवलेलाच नव्हता.

तांब्या आणि आरसा. घासून लख्ख केलेला स्टीलचा तांब्या उन्हात ठेवला, तर अंगणात कुठेही उभे राहिले तरी त्याच्या फुगीर अंगावर सूर्याचा बारीक ठिपका दिसतो. तिथेच बोटभर आरसा ठेवला तर एका जागी डोळे दिपतात आणि पाऊलभर सरकले की काहीच नाही. कला-उपग्रहांचे दोन घाट याच फरकातून आले आहेत.

गोल फुगा हा तांब्याचा प्रकार. त्याचे तेज स्थिर असते आणि सगळ्यांना सारखे मिळते, पण परतलेले ऊन सर्व दिशांना वाटले जात असल्याने फुगा प्रचंड मोठा असावा लागतो. सपाट तुकड्यांचा, म्हणजे मांडवात टांगतात तशा आरशांच्या गोळ्याचा प्रकार मीटरभर आकारातही चालतो. मात्र तो लखलखतो आणि विझतो. सूर्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून सपाट आरशाचा कवडसाही तेवढ्याच कोनात पसरत जातो. ५०० किमी खाली पोहोचेपर्यंत त्याची रुंदी साडेचार किमीच्या आसपास होते, आणि हा कवडसा सेकंदाला सात-आठ किमी वेगाने जमिनीवरून धावतो. एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला चमक येते ती जेमतेम अर्ध्या सेकंदाची. उपग्रह स्वतःभोवती गिरक्या घेत असेल तर त्याहूनही कमी. सोलापुरातल्या सात रस्त्यावर दिसलेली चमक त्याच क्षणी शहराबाहेरच्या नान्नजला दिसेलच असे नाही. त्यासाठीच गोळ्यावर पुष्कळ पैलू बसवतात आणि त्याला मुद्दाम फिरता ठेवतात : एका पैलूचा कवडसा हुकला तर दुसऱ्याचा मिळावा.

प्रयत्न. अमेरिकेचा एको-१ हा फुगा १२ ऑगस्ट १९६० रोजी कक्षेत गेला. काम होते रेडिओ संदेश परतवण्याचे. व्यास ३०.५ मी., म्हणजे पृष्ठफळ जवळजवळ २,९०० चौ.मी.; धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकची जाडी मात्र ०.०१३ मिमी. (सोलापुरी चादर अंगावर घेणाऱ्याने याला कापड म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे.) सुमारे दीड हजार किमी उंचीमुळे तो जवळजवळ आठ वर्षे टिकला आणि जगभरच्या लोकांनी गच्चीवरून पाहिला. २४ मे १९६८ रोजी तो वातावरणात जळला.

रशियाच्या झ्नाम्या-२ या २० मी. व्यासाच्या आरशाने ४ फेब्रुवारी १९९३ रोजी युरोपावरून सुमारे पाच किमी रुंदीचा कवडसा फिरवला. हेतू उत्तरेकडच्या गावांना रात्री उजेड देण्याचा होता. फेब्रुवारी १९९९ मधला पुढचा आरसा उलगडताना तो नेणाऱ्या यानाच्याच अँटेनात अडकून फाटला. त्याच वर्षी जूनमध्ये सोडलेल्या स्टारशाइन या गोळ्यावर अनेक देशांतल्या शाळकरी मुलांनी हाताने घासून चकचकीत केलेले आरसे होते. मुलांनी गोळा शोधायचा, वेळ टिपायची आणि त्यावरून वरच्या वातावरणाचा रोध काढायचा, अशी कल्पना होती. कला आणि उपयोग यांचा इतका चांगला मेळ पुढे बसलेला नाही.

२०१७ च्या जुलैत मॉस्कोच्या विद्यार्थ्यांचा मायाक लोकवर्गणीतून गेला. त्याचा चतुष्फलकी (चार त्रिकोणी बाजूंचा) परावर्तक उघडल्याचे दिसलेच नाही. २१ जानेवारी २०१८ रोजी न्यूझीलंडहून रॉकेट लॅब या कंपनीने ह्युमॅनिटी स्टार सोडला : सुमारे एक मीटर व्यासाचा कार्बन तंतूंचा गोळा, त्यावर ६५ परावर्तक पैलू. नऊ महिने राहील अशी अपेक्षा होती, दोनच महिन्यांत २२ मार्चला जळाला. ट्रेव्हर पॅग्लेन या कलावंताचा ऑर्बिटल रिफ्लेक्टर ३ डिसेंबर २०१८ रोजी गेला. १० × १० × ३० सेंमीच्या पेटीतून ३० मी. लांबीचा हिऱ्याच्या आकाराचा फुगा निघायचा होता. फुगवण्याची परवानगी मिळण्याआधीच अमेरिकी सरकारी कचेऱ्या आर्थिक पेचामुळे बंद पडल्या, मधल्या काळात संपर्क तुटला आणि फुगा पेटीतच राहिला.

लवकर का पडतात. दिसायचे तर पृष्ठभाग मोठा हवा, प्रक्षेपण परवडायचे तर वजन कमी हवे. या दोन्हींमुळे उपग्रह पिसासारखा होतो. ३०० किमीवरही हवेचे विरळ कण असतात; जड उपग्रह त्यांना दाद देत नाही, हलका पोकळ गोळा मात्र प्रत्येक फेरीत थोडा खाली येतो. ह्युमॅनिटी स्टारची कक्षा एका बाजूला ३०० किमीच्याही खाली उतरत होती, तिथेच त्याचे आयुष्य संपले. उंच सोडला तर टिकतो, पण अंतर दुप्पट झाले की तेज चौथाईवर येते.

आक्षेप. दुर्बिणीतून दीर्घ उद्भासन (एक्स्पोजर) घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना अशी प्रत्येक चमक म्हणजे चित्रावरचा ओरखडा असतो. ह्युमॅनिटी स्टारवर याच कारणाने टीका झाली. ती रास्त असली तरी दोन महिन्यांत जळणाऱ्या एका गोळ्यापेक्षा मे २०१९ पासून जथ्याने जाणारे इंटरनेटसाठीचे स्टारलिंक उपग्रह हा कितीतरी मोठा प्रश्न आहे, हेही नोंदवले पाहिजे.

सोलापुरातून निरीक्षण. वर सांगितलेल्यांपैकी आज कोणताही कला-उपग्रह पाहायला मिळत नाही. सरावासाठी दोन लक्ष्ये चांगली. पहिले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक : ठळक आणि स्थिर. दुसरे जपानचा अजिसाई, १९८६ साली सोडलेला, भूमापनासाठीचा २.१५ मी. व्यासाचा गोळा. त्यावर ३१८ आरसे आहेत आणि आरशांचा गोळा आकाशात कसा लखलखतो ते तोच दाखवतो. त्यासाठी ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण जवळ ठेवावी.

सोलापूर १७.७° उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य इथे जवळजवळ सरळ खाली उतरतो, विषुवदिनाच्या सुमारास तासाला १४ अंशांहून थोडा जास्त. ४०० किमीवरचा उपग्रह डोक्यावर असताना त्याच्यावर ऊन राहायचे, तर सूर्य क्षितिजाखाली २० अंशांपलीकडे गेलेला चालत नाही. म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण ८० मिनिटे. त्यातली पहिली २५-३० मिनिटे आकाश उजळ असते. हाती उरतो पाऊण-एक तास, आणि पहाटे तेवढाच. डिसेंबरच्या मध्यात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, तेव्हा सव्वासहा ते सव्वासात हीच वेळ धरावी. जूनमध्ये लंडनला मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम १५ अंश असतो, तिथे असे उपग्रह रात्रभर दिसतात. सोलापुरात त्याच रात्री तो ४९ अंश खाली असतो. युरोपातली वर्णने वाचून इथे रात्री बाराला गच्चीवर जाणारा हात हलवत परततो. दीड हजार किमीवरचा अजिसाई मात्र सूर्यास्तानंतर अडीच तासांपर्यंतही सापडतो.

जागा म्हणून तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव सोयीचा, कारण शहराचा उजेड दक्षिणेला राहतो आणि डोक्यावरचे व उत्तरेचे आकाश काळे मिळते. नान्नजकडचा माळ त्याहून अंधारा. पण माळढोक अभयारण्याच्या हद्दीत न शिरता बाहेरूनच पाहावे. सिद्धेश्वर तलावाचा काठ अवकाश स्थानकाला पुरतो, अजिसाईला नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश बहुधा निरभ्र असते, फक्त सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री धुराचा थर खाली बसतो.

उपग्रह कधी, कुठे दिसेल ते सांगणाऱ्या हेवन्स-अबव्हसारख्या संकेतस्थळावर १७.६६° उत्तर, ७५.९१° पूर्व आणि उंची ४६० मी. भरावी. वेळेचा विभाग +५:३० करायचे राहून गेले की सगळे वेळापत्रक साडेपाच तासांनी चुकते. नवख्यांचा हा नेहमीचा घोळ. अंदाज त्याच दिवशीचा घ्यावा, कारण खालच्या कक्षेतला हलका उपग्रह आठवड्यात कित्येक मिनिटे पुढे सरकतो. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून चढते, म्हणून पूर्वेकडे जाणारा ठिपका वाटेतच लालसर होऊन काही सेकंदांत विझतो. तो ढगात गेलेला नसतो. लाल-हिरवा दिवा ठरावीक तालात लुकलुकला तर ते विमान.

छायाचित्रासाठी तिवई, रुंद भिंग, छिद्र एफ २.८, आयएसओ ८०० ते १६०० आणि १० सेकंदांचे उद्भासन. डोक्यावरून जाणारे स्थानक तेवढ्यात सुमारे ११ अंशांची रेघ काढते. आरशांच्या गोळ्याची रेघ उमटत नाही, सुटे ठिपके उमटतात. फोनचा रात्रीचा मोड अनेक चित्रे जुळवताना हे ठिपके दोष समजून पुसून टाकतो, तेव्हा तो बंद ठेवून हाती (मॅन्युअल) मांडणीच वापरावी.