पॅरिस–रूआन मोटारस्पर्धा

पॅरिस ते रूआन या सुमारे १२६ किमी. मार्गावर २२ जुलै १८९४ रोजी झालेली अश्वविरहित वाहनांची स्पर्धा. ‘ल पती झुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकाने पत्रकार प्येर झिफार यांच्या पुढाकाराने ती भरविली. वाहन धोक्याचे नसावे, सहज हाताळता यावे व प्रवासात फार खर्चाचे नसावे, असे निकष होते. १०२ अर्जांपैकी २१ वाहने अंतिम फेरीस पात्र ठरली आणि १७ रूआनला पोहोचली.

काउंट द दियाँ यांचे वाफेचे वाहन ६ तास ४८ मिनिटांत सर्वांत आधी पोहोचले. त्यामागून आल्बेर लमेत्र यांची प्यूजो मोटार आली. मात्र बाष्पवाहनास चालकाखेरीज भट्टी सांभाळणारा माणूस लागत असल्याने ते निकषांत बसले नाही. पहिले पारितोषिक प्यूजो आणि पानार-लव्हासॉर या मोटार कंपन्यांना विभागून मिळाले. दोहोंची पेट्रोल एंजिने जर्मन अभियंते डाइमलर यांच्या रचनेची होती.

हीच जगातील पहिली मोटारशर्यत काय, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने जाहीर केलेल्या बक्षिसासाठी १८७८ मध्ये दोन बाष्पवाहने ग्रीन बे येथून मॅडिसनकडे निघाली होती आणि त्यांपैकी ‘ऑशकॉश’ने सुमारे ३२० किमी. अंतर ३३ तास २७ मिनिटांत कापले. परंतु शेतीच्या कामी घोड्याला पर्याय शोधणे हा तेथील हेतू होता. पॅरिसमध्ये १८८७ साली योजलेल्या शर्यतीस एकटे जॉर्ज बूताँ हजर राहिल्याने तिला शर्यत म्हणणे कठीण आहे. पॅरिस–रूआन येथेही क्रम वेगावर ठरला नाही. म्हणून पहिल्या खऱ्या शर्यतीचा मान जून १८९५ मधील पॅरिस–बोर्दो–पॅरिस (सु. १,१७८ किमी.) या शर्यतीस देणारे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तीत लागलेला वेळ मोजून क्रम लावला गेला.

तीत एमील लव्हासॉर यांनी आपली पानार-लव्हासॉर मोटार ४८ तास ४८ मिनिटे जवळजवळ अखंड चालविली. बदली चालक ठरल्या ठिकाणी झोपलेला असल्याने लव्हासॉर स्वतःच पुढे निघाले, ही हकीकत सर्वत्र दिली जाते. त्यांची गाडी दोन आसनांची होती व नियमानुसार चार आसने आवश्यक होती. परिणामी पहिले पारितोषिक त्यांच्यानंतर अकरा तासांनी आलेल्या पॉल केशलँ यांच्या प्यूजोस मिळाले. हवा भरलेल्या टायरांची गाडी आंद्रे मिशेलिन यांनी याच शर्यतीत उतरविली. १८९६ च्या पॅरिस–मार्सेय–पॅरिस शर्यतीत लव्हासॉर यांना अपघात झाला आणि पुढील वर्षी ते मरण पावले.

१८९५ च्या शर्यतीच्या आयोजकांतूनच त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्सचा ऑटोमोबाइल क्लब स्थापन झाला. पुढे या क्लबने ती शर्यत आपल्या ग्रां प्रींच्या (मोठ्या पारितोषिकाच्या मोटारशर्यतींच्या) क्रमांकात मागाहून अंतर्भूत केली. बहुतेक अभ्यासक मात्र १९०६ ची ल मां येथील, फेरेन्त्स सीस यांनी रेनो मोटारीतून जिंकलेली शर्यतच पहिली ग्रां प्री मानतात. शहराशहरांमधील शर्यती १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीनंतर फ्रान्समध्ये थांबल्या. मोटारचालक मार्सेल रेनोंसह अनेकांचे बळी गेल्याने ती बोर्दो येथेच बंद करावी लागली होती.