साडेतीन टन ओढते, पण हौदा भरून नव्हे

ब्रिटनमध्ये झाडे तोडणाऱ्या-छाटणाऱ्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: पिकअप ३,५०० किलो ओढते, म्हणजे हौदा लाकडाने गच्च भरा आणि वर साडेतीन टनांचा ट्रेलरही जोडा.

गाडीवरची वजनांची पट्टी एकदा वाचा. तिथे चार आकडे असतात: भरलेल्या गाडीची मर्यादा, गाडी आणि ट्रेलर मिळूनची मर्यादा, मग दोन ॲक्सलच्या. घोळ दुसऱ्या आकड्यात आहे. समजा भरलेली गाडी ३,२०० किलोची आणि एकत्रित मर्यादा ६,०००. तर ट्रेलरला उरले २,८००. त्यातही रिकाम्या ट्रेलरचे वजन आलेच!

शिवाय ओला ओक फसवतो. घनमीटरभर ओंडके टनाच्या आसपास भरतात, ढीग मात्र एवढासा दिसतो.

डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या परवान्यावरही ३,५०० किलोचा ट्रेलर ओढता येतो, त्याने गैरसमजाला आणखी खतपाणी मिळाले. पण सवलत चालकाला मिळाली, गाडीला नाही. बाजारात ७५० किलोच्या आतले चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारी यंत्रे, भरपूर आहेत. पिकअपमागे मी तरी तेच जोडीन आणि ओंडक्यांसाठी वेगळा ट्रक बोलावीन.