प्रोसेसरची झोपमोड

काम नसलं की प्रोसेसर झोपतो. या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-१ ही नुसती डुलकी. त्यात कोअरचं (प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचं) क्लॉक, म्हणजे कामाला ताल देणारा संकेत, थांबतो आणि हाक मारताच तो जागा होतो. सी-६ म्हणजे गाढ झोप. कोअरची स्थिती बाजूला जपून ठेवून त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. तिथून परतायला वेळ लागतो, शिवाय जाण्यायेण्यात वीजही जाते. म्हणून प्रत्येक पायरीवर किमान किती वेळ थांबलं तर परवडेल, याचं गणित ठरलेलं असतं. त्याआधी उठावं लागलं, तर डुलकीच स्वस्त पडली असती.

म्हणून माझ्या मते विश्रांती एकूण किती मिळाली, हा प्रश्नच अपुरा आहे. सलग किती मिळाली, ते पाहायला हवं. आणि तिचे तुकडे करायचा तो कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, टायमर! ठरावीक अंतराने तो प्रोसेसरला हाक मारतो, त्या हाकेला टिक म्हणतात. लिनक्स या कर्नलच्या २.६ मालिकेत इंटेल संगणकांवर टिक सेकंदाला १००० वेळा वाजू लागली (पूर्वी १०० वेळा). म्हणजे संगणक पूर्ण रिकामा असला, तरी सलग झोप फार तर एक मिलिसेकंद. २००५ मध्ये हा आकडा २५० वर आणला गेला. खरा बदल २००७ मध्ये २.६.२१ आवृत्तीत झाला. रिकाम्या कोअरवरची टिक बंद करायची, पुढचं काम कधी आहे ते पाहायचं आणि तेवढ्या वेळेचाच गजर लावायचा.

इथे एक अडचण होती, ती मला फार विलक्षण वाटते. जुन्या अनेक प्रोसेसरांमध्ये कोअरचा स्वतःचा टायमरच गाढ झोपेत बंद पडायचा. गजराचं घड्याळच झोपलं तर उठवणार कोण? मग कोअरबाहेरच्या, सतत चालू राहणाऱ्या टायमरकडे ती जबाबदारी सोपवावी लागे. झोपेतही चालणारे टायमर नंतर कोअरमध्येच आले.

तरी अंदाज उरतोच. गजर कधीचा ते ठाऊक असतं. नेटवर्कवरून डेटा कधी येईल, कीबोर्डवरची कळ कधी दाबली जाईल, हे ठाऊक नसतं. कर्नलचा गव्हर्नर, म्हणजे झोपेची पायरी निवडणारा भाग, मागच्या झोपांवरून पुढची झोप किती टिकेल ते ताडतो. २०१८ च्या ४.१७ आवृत्तीपासून हा अंदाज आधी आणि टिकचा निर्णय नंतर होतो. झोप छोटीच असेल असं वाटलं, तर टिक चालू ठेवतात. अंदाज चुकून कोअर डुलकीतच अडकला, तर तीच टिक त्याला उठवते आणि मग गाढ झोपेत पाठवता येतं.