सन ऑफ रॅम्बो : चित्रपट आणि प्रेक्षकांची मते

‘सन ऑफ रॅम्बो’ हा चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेल्या दोन शाळकरी मुलांवरचा हलकाफुलका ब्रिटिश विनोदी चित्रपट आहे. गार्थ जेनिंग्ज यांनी तो लिहिला व दिग्दर्शित केला असून निर्मिती निक गोल्डस्मिथ यांची आहे. ‘हॅमर अँड टाँग्ज’ या नावाने ही जोडी आधी संगीत-व्हिडिओंसाठी ओळखली जाई. 2007 च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि ब्रिटनमधील चित्रपटगृहांत एप्रिल 2008 मध्ये आला. मूळ शीर्षकात ‘रॅम्बो’च्या रोमन लेखनाला शेवटी एक जादा अक्षर जोडलेले आहे, पोराटोरांनी चुकीच्या स्पेलिंगने वहीवर लिहावे तसे. देवनागरीत ही गंमत नाइलाजाने नाहीशी होते.

कथा 1980 च्या दशकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये घडते. विल प्राउडफूट हा वडील गमावलेला, अबोल मुलगा ‘प्लिमथ ब्रेदरन’ या कडक ख्रिस्ती पंथातील कुटुंबात वाढतो. त्याच्या घरी दूरदर्शन संच, चित्रपट, संगीत हे सारे निषिद्ध आहे. वर्गात माहितीपट सुरू झाला की त्याला बाहेर बोळात जाऊन बसावे लागते. तिथेच त्याची गाठ शिक्षकांनी वर्गाबाहेर काढलेल्या ली कार्टर या व्रात्य मुलाशी पडते. लीच्या घरी ‘फर्स्ट ब्लड’ (1982) या रॅम्बो नावाच्या लढवय्या नायकाच्या अमेरिकी चित्रपटाची चोरटी प्रत विलच्या नजरेस पडते आणि आयुष्यात पहिल्यांदाच चित्रपट पाहिलेला हा मुलगा स्वतःला रॅम्बोचा मुलगा समजू लागतो. बीबीसीच्या ‘स्क्रीन टेस्ट’ या मुलांच्या कार्यक्रमात बालचित्रपटकारांची स्पर्धा खरोखरच होत असे. तिच्यात उतरण्यासाठी ही दोघे लीच्या भावाच्या कॅमेऱ्यावर आपला रॅम्बोपट काढायला घेतात. जेनिंग्ज यांनी लहानपणी ‘फर्स्ट ब्लड’ पाहून घरगुती कॅमेऱ्यावर असाच उद्योग केला होता, त्यामुळे कथेचा गाभा आत्मचरित्रात्मक आहे.

सनडान्समध्ये चित्रपटाचे स्वागत इतके जोरात झाले की पॅरामाउंट व्हँटेज या अमेरिकी चित्रपट कंपनीने तो 70 ते 80 लाख डॉलरांना घेतल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या. मात्र ‘फर्स्ट ब्लड’मधील दृश्ये वापरण्याच्या हक्कांचा गुंता सुटायला वेळ लागला आणि प्रदर्शन वर्षभराहून अधिक लांबले. अमेरिकेत मे 2008 मध्ये तो लागला, पण तिथली कमाई 20 लाख डॉलरांच्याही आत राहिली. महोत्सवातील टाळ्या आणि तिकीटखिडकी यांतले हे अंतर मोठे दिसत असले, तरी तेवढ्यावरून प्रेक्षकांना चित्रपट आवडला नाही असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. त्यात ओळखीचा चेहरा जवळजवळ नव्हता, त्याची पाळेमुळे ब्रिटिश शाळकरी आठवणींत होती, आणि घरोघरी डीव्हीडीवर तो शांतपणे पाहिला जाऊन नंतर आपला प्रेक्षक मिळवीत राहिला.

मुख्य भूमिकांतील बिल मिलनर (विल) आणि विल पोल्टर (ली) या दोघा मुलांविषयी मात्र मतभेद जवळजवळ आढळत नाही. दोघेही याआधी मोठ्या पडद्यावर आलेले नव्हते. विलचा बुजरेपणा आणि लीची गुरकावणारी, पण आतून एकाकी मग्रुरी कुठेही शिकवून घेतल्यासारखी वाटत नाही. पोल्टर पुढे मोठ्या चित्रपटांतून झळकला, त्यामुळे आज हा चित्रपट नव्याने पाहणारे पुष्कळजण त्याच्याच शोधात येतात आणि ‘अरे, हा तेव्हाही असाच होता’ म्हणून हरखतात. वृद्धाश्रमातील म्हाताऱ्याच्या छोट्या भूमिकेतील ज्येष्ठ विनोदवीर एरिक साइक्स यांच्याबद्दलही ब्रिटिश प्रेक्षक आपुलकीने बोलतात.

काळाच्या चित्रणावर मते दुभंगतात. ज्यांचे बालपण त्या दशकात गेले त्यांना तोंडात तडतडणाऱ्या गोळ्या, केसांचे तुरे, व्हिडिओ कॅसेटी आणि डेपेश मोड किंवा द क्यूअरची गाणी यांतच अर्धे समाधान मिळते. तरुण प्रेक्षकाला तोच भाग कधीकधी सजावटीसारखा वाटतो. देवाणघेवाण योजनेत फ्रान्समधून आलेला दिदिए (जूल्स सिट्रुक) हा याहून मोठा वादाचा विषय आहे. मोठ्या मुलांच्या खोलीत त्याच्याभोवती जमणारा भक्तांचा मेळा काहींना चित्रपटातील सर्वांत हसवणारा भाग वाटतो, तर दिदिए आला की मैत्रीची गोष्ट बाजूला पडून मध्यभाग सैल होतो, अशी इतरांची तक्रार असते. तक्रारीत तथ्य आहे. तरीही परतीच्या बसमध्ये त्याच्याच देशाची मुले त्याला किती क्षुद्र लेखतात हे कळते, तेव्हा आधीचा सारा तोरा मागे वळून पुन्हा पाहावासा वाटतो, आणि अधीर झालेल्या प्रेक्षकाच्या नजरेतून नेमके हेच दृश्य निसटते.

विलच्या पंथाच्या चित्रणाबद्दलचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पंथातील ब्रदर जोशुआ हे पात्र जरा एकसुरी खलनायकी झाले आहे, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढणे कठीण आहे. आईच्या भूमिकेतील जेसिका हाइन्स यांनी श्रद्धा आणि मुलावरील माया यांतली ओढाताण दाखवली नसती, तर हा धागा उपरा वाटला असता. हिंसेबाबतही असाच प्रश्न विचारला जातो. विल झाडावरून, आकाशातून, पाण्यात कसाही फेकला जातो आणि कपडे झटकून उभा राहतो, मग ओसाड वीजकेंद्रातला अपघात मात्र अचानक खरा आणि जीवघेणा होतो. हा सांधा काहींना खटकतो. याला उत्तर चित्रपटातच आहे. व्यंगचित्री पडझड विलच्या डोक्यातल्या जगाची आहे. रॅम्बो पाहून तो शेतातून धावत सुटतो तेव्हा त्याच्या वहीतली चित्रे खऱ्या आकाशात हलू लागतात, आणि बुजगावणे अंगावर धावून येते. ज्याला हे दृश्य भिडले त्याला पुढची उडवाउडवी अवास्तव वाटत नाही.

हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच हंगामात दिग्दर्शक मिशेल गाँड्री यांचा ‘बी काइंड रिवाइंड’ आला. त्यातही हौशी माणसे प्रसिद्ध चित्रपटांच्या घरगुती आवृत्त्या काढतात, म्हणून दोहोंची तुलना टळली नाही. त्या तुलनेतून एक गोष्ट उमटते : मुलांच्या ओबडधोबड चित्रपटाला जी सवलत आपण देतो, तीच प्रेक्षक नकळत संपूर्ण ‘सन ऑफ रॅम्बो’लाही देऊन टाकतात. आवाज फाटला, कथानक लंगडले तरी ‘पोरांनी केलंय’ म्हणून मन सैल राहते. ज्याला ही सवलत द्यावीशी वाटत नाही, त्याच्या मते चित्रपट गोड पण विस्कळीत ठरतो, आणि दोन्ही पक्षांचे वर्णन एकाच चित्रपटाला लागू पडते.

शेवटाबद्दलही हेच. जखमी ली चित्रपटगृहात बसलेला असतो, तिथे ‘येंटल’ हा दुसराच चित्रपट लागलेला असतो, आणि त्याआधी पडद्यावर सुरू होतो त्यांचाच रॅम्बोपट. त्यात भर पडलेली असते ती त्याच्या भावाची. आयुष्यभर दुर्लक्ष करणारा हा भाऊ कॅमेऱ्यासमोर उभा राहून अडखळत बोलतो. यात भावनेची मात्रा अंमळ जास्त झाली, असे म्हणणारे प्रेक्षक आहेत, आणि त्यांतलेही कित्येक त्या दृश्याला डोळे पुसतात.